उत्सवाचं यजमानपण

स्पेनच्या उत्तर भागातल्या पाम्प्लोना शहरात दर वर्षी ६ जुलैला भर दुपारी बारा वाजता नगरपालिकेच्या सज्जातून शोभेच्या दारूचा बाण सुटतो आणि सान फेर्मिनचा उत्सव सुरू होतो. पांढरे कपडे आणि लाल रुमाल ल्यालेल्या माणसांनी चौक असा भरतो की खांदा हलवायला जागा उरत नाही. पुढे १४ जुलैच्या मध्यरात्रीपर्यंत गाणी, बँड, मिरवणुका, मद्य आणि रोज सकाळी आठ वाजता सुमारे ८७५ मीटरच्या अरुंद गल्ल्यांतून बैलांपुढे धावण्याचा थरार. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या १९२६ सालच्या कादंबरीने हा उत्सव जगभर पोचवला. बायकांना मात्र बैलांपुढे धावण्याची मुभा मिळाली ती १९७४ साली.

या उत्सवाचा कणा म्हणजे तिथली ‘पेन्या’ नावाची मंडळं. प्रत्येक पेन्याचा स्वतःचा फलक, स्वतःचा बँड, स्वतःचा अड्डा आणि उत्सवाच्या दिवसांत डोळ्याला डोळा न लागणारे कार्यकर्ते. गणेशोत्सव मंडळाच्या मांडवात लहानाचा मोठा झालेल्या मराठी माणसाला हे चित्र लगेच ओळखीचं वाटेल. म्हणूनच त्या शहरात २०१६ साली जे घडलं आणि त्यानंतर शहराने जे केलं, ते आपणही नीट समजून घ्यायला हवं.

७ जुलै २०१६ च्या पहाटे, उत्सवाच्या पहिल्याच रात्री, अठरा वर्षांच्या एका मुलीवर पाच पुरुषांनी एका इमारतीच्या दारातल्या आडोशाला बलात्कार केला. त्याचं चित्रीकरण केलं आणि जाताना तिचा फोनही चोरून नेला. रस्त्याकडेच्या बाकावर रडत बसलेली ती मुलगी एका जोडप्याला दिसली. ते थांबले, त्यांनी विचारपूस केली आणि मदत बोलावली. आरोपींमध्ये एक सैनिक होता आणि एक निमलष्करी पोलीस दलातला जवान होता.

खटला उभा राहिला तेव्हा एका आरोपीच्या बचावासाठी त्या मुलीच्या मागे खासगी गुप्तहेर लावला गेला. घटनेनंतर ती नेहमीसारखी जगते आहे, बाहेर जाते आहे, म्हणजे तिच्यावर अत्याचार झालाच नसावा, असं दाखवायचा तो प्रयत्न होता. एप्रिल २०१८ मध्ये प्रांतीय न्यायालयाने आरोपींना बलात्काराऐवजी त्याहून सौम्य मानल्या जाणाऱ्या गुन्ह्यासाठी नऊ वर्षांची शिक्षा दिली आणि सारा स्पेन रस्त्यावर आला. २१ जून २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने हा बलात्कारच असल्याचं स्पष्ट करून शिक्षा पंधरा वर्षांवर नेली. २०२२ साली नवा कायदा आला. स्पष्ट संमती नसेल तर तो लैंगिक हल्लाच, ही त्याची मध्यवर्ती भूमिका. एका उत्सवातल्या एका रात्रीने एका देशाचा कायदा बदलला.

पण कायदा उत्सवाच्या रात्री चौकात उभा राहत नाही, तिथे माणसं असतात. २०१३ साली उद्घाटनाच्या गर्दीत बायकांची छेड काढली जात असल्याची छायाचित्रं जगभर फिरली, तेव्हापासूनच पाम्प्लोनातल्या स्त्री संघटना, नगरपालिका आणि उत्सवाशी जोडलेल्या मंडळींनी एकत्र काम सुरू केलं होतं. २०१६ नंतर त्याला धार आली. उंचावलेल्या लाल तळहाताचं चिन्ह कपड्यांवर, दुकानांवर, भिंतींवर दिसू लागलं. शहराच्या मुख्य चौकात माहिती आणि मदतीचं केंद्र उभं राहू लागलं. स्पेनमधल्या इतर गावांच्या जत्रांतही जांभळ्या रंगाचे मदत मंडप रुजले. अत्याचाराची बातमी आली की उत्सव थांबवून लोक चौकात जमतात आणि निषेध नोंदवतात, हा शिरस्ता पडला.

या सगळ्यात मला एक बदल सर्वांत मोलाचा वाटतो. आधी सगळी जबाबदारी येणारीवर होती: काय घालायचं, किती प्यायचं, कधी घरी जायचं. आता ती बोलावणाऱ्यावर आली. उत्सव भरवणारा हा यजमान असतो. पाहुण्याला घरात ठेच लागली, तर पाहुण्याने पाहून चालायला हवं होतं, असं चांगला यजमान म्हणत नाही. तो उंबऱ्याजवळ दिवा लावतो. सुरक्षित आणि सगळ्यांना सामावून घेणारा उत्सव उभा करायचा म्हणजे हे यजमानपण मनापासून आणि पद्धतशीरपणे निभवायचं. ते कसं निभवतात याची जगात चांगली उदाहरणं आहेत, आणि फसलेलीही.

एक खोली, एक खुर्ची, एक ग्लास पाणी

जर्मनीतल्या म्युनिक शहराचा ऑक्टोबरफेस्ट १८१० साली एका राजपुत्राच्या लग्नानिमित्त झालेल्या घोड्यांच्या शर्यतीतून सुरू झाला. आज तो साधारण अडीच आठवडे चालतो आणि साठ लाखांहून अधिक लोक तिथे येतात. एकेका मोठ्या तंबूत हजारो माणसं लांबलचक बाकांवर बसून लिटरभराच्या पेल्यांतून बिअर पितात. सगळा माहोल मोठ्यांचा, मद्याचा आणि अनोळखी माणसांच्या सलगीचा.

या मैदानात २००३ सालापासून मुली आणि स्त्रियांसाठी एक सुरक्षित जागा चालवली जाते. स्त्रिया आणि मुलींसाठी काम करणाऱ्या म्युनिकमधल्या तीन संस्थांचा हा संयुक्त उपक्रम. पोलीस, रेडक्रॉस आणि हरवलं-सापडलं या कक्षांच्या शेजारी ही जागा असते आणि दुपारनंतर रात्री उशिरापर्यंत उघडी असते. आत प्रशिक्षित समाजसेविका आणि स्वयंसेविका असतात. एखादी मुलगी आत आली की आधी तिला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी मिळतं. फोन चार्ज करून मिळतो. ती शांत झाली की मग विचारतात, तुला आत्ता काय हवं आहे? मैत्रिणींचा गट शोधायचा आहे का? हॉटेलचं नाव आठवत नाही का? घरापर्यंत सोबत हवी आहे का? अत्याचार झाला असेल तर दवाखाना, पोलीस, वकील हे सगळे मार्ग तिला समजावून सांगतात. त्यातला कोणता धरायचा आणि आजच धरायचा की नाही, हे ती ठरवते.

तिथे येणाऱ्या अनेकींची अडचण वरवर किरकोळ दिसते. सोबत हरवली, पाकीट गेलं, फोन बंद पडला, रस्ता सापडत नाही. पण एकटी पडलेली, फोन नसलेली, कदाचित प्यायलेली व्यक्ती परक्या शहरात रात्री रस्ता शोधत फिरते, तेव्हाच तिचा गैरफायदा घेणाऱ्याला संधी मिळते. किरकोळ अडचण वेळीच सोडवली की मोठा गुन्हा घडायची जागाच उरत नाही. या खोलीचं खरं यश तिथे नोंदल्या गेलेल्या तक्रारींपेक्षा न घडलेल्या घटनांमध्ये आहे.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची. ही जागा पोलीस चौकीच्या शेजारी असली तरी पोलीस चौकी नाही. आपल्याकडे काय किंवा जर्मनीत काय, थेट पोलिसांकडे जायला अनेकजणी कचरतात. ‘तू इतक्या रात्री इथे काय करत होतीस?’ हा प्रश्न कुठल्याच भाषेत सुखाचा नसतो. आधी ऐकून घेणारं माणूस भेटलं, तर पुढे पोलिसांकडे जायचं बळही येतं. म्हणून विश्वासाची जागा उभी राहिल्यावर सुरुवातीला तक्रारींची संख्या वाढू शकते. ती पाहून आयोजकांनी घाबरू नये. जे आधी गिळलं जात होतं ते आता बोललं जातंय, असा त्याचा अर्थ असतो.

दार बंद करून प्रश्न सुटत नाही

स्वीडनमध्ये ब्रोवाला हा देशातला सर्वांत मोठा संगीत महोत्सव होता. २०१७ साली तिथे ४ बलात्कारांच्या आणि २३ लैंगिक हल्ल्यांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आणि आयोजकांनी पुढच्या वर्षीचा महोत्सव रद्द केला. त्या संतापातून २०१८ साली योटेबोर्ग शहरात पुरुषांना मज्जाव असलेला महोत्सव भरला. आलेल्या स्त्रियांना तिथे मोकळं वाटलं यात शंका नाही. पण त्याच वर्षअखेरीला स्वीडनच्या भेदभावविरोधी लोकपालांनी ‘पुरुषमुक्त’ अशी जाहीर घोषणा कायद्याविरुद्ध असल्याचा निर्णय दिला.

स्त्रियांना काही काळ, काही जागा स्वतःच्या हव्याशा वाटतात हे अगदी रास्त आहे. मोठ्या महोत्सवाच्या आवारात स्त्रियांसाठी वेगळा मंडप असणं हा चांगला पर्याय आहे. पण समाजाचा उत्सव समाजातल्या अर्ध्या माणसांना बाहेर ठेवून भरत नाही. मुलींना घरी बसवून तर मुळीच नाही. आपल्याकडे तोच मार्ग जास्त वेळा धरला जातो. ‘विसर्जनाच्या गर्दीत जाऊ नकोस’, ‘थर्टी फर्स्टला बाहेर पडू नकोस’. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईतल्या स्त्रियांच्या सार्वजनिक वावराचा अभ्यास करून २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. काम नसताना, कारण न देता, नुसतं रमतगमत शहरात वावरण्याचा हक्क स्त्रीला हवा, हे त्यातलं म्हणणं उत्सवाला तंतोतंत लागू पडतं. कारण उत्सवाला जायला कारण लागत नाही. आनंद हेच कारण असतं.

मग मधला मार्ग कोणता? अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटात दर वर्षी भरणाऱ्या बर्निंग मॅन या मेळाव्याकडे पाहता येईल. १९८६ साली सान फ्रान्सिस्कोच्या एका समुद्रकिनाऱ्यावर मूठभर मित्रांनी लाकडी पुतळा जाळला, तिथून हा मेळावा सुरू झाला. आता तिथे सत्तर हजारांच्या आसपास माणसं आठवडाभरासाठी तात्पुरतं शहर वसवतात. २००४ साली त्याची दहा तत्त्वं लिहिली गेली आणि त्यातलं पहिलंच तत्त्व आहे, कुणाही अनोळखी माणसाचं स्वागत. पण स्वागत म्हणजे वाटेल ते चालेल असं नव्हे, हे तिथल्या लोकांना अनुभवाने कळलं. म्हणून १९९२ पासून तिथे स्वयंसेवकांचं ‘रेंजर’ पथक आहे. ते पोलीस नसतात आणि हाणामारीत उतरत नाहीत. गस्त घालताना कुठे काही बिनसलेलं दिसलं तर काय करायचं, याचा क्रम त्यांना शिकवलेला असतो. आधी काय चाललंय ते पाहायचं, मग ऐकून घ्यायचं, मग विचार करायचा, मग मध्यस्थी करायची आणि शेवटी संबंधितांना समजावून सांगायचं. आपल्या मंडळांचे कार्यकर्ते हेच काम उपजत हुशारीने करतात. त्याला थोड्या शिकवणुकीची जोड मिळाली तर ते कितीतरी चांगलं होईल.

बघ्यांनाही हे शिकवता येतं. न्यूयॉर्कमध्ये २००५ साली सुरू झालेली आणि आज ‘राइट टू बी’ नावाने ओळखली जाणारी संस्था पाच उपाय सांगते. छळ करणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. जवळच्या जबाबदार माणसाला बोलवायचं. घडलेल्या गोष्टीची नोंद ठेवायची. नंतर त्या व्यक्तीची विचारपूस करायची. आणि स्वतःला धोका नाही असं वाटलं तरच थेट हटकायचं. यातला पहिला उपाय अगदी सोपा आहे. गर्दीत एखाद्या मुलीला कुणी त्रास देताना दिसला तर तिच्याजवळ जाऊन ‘अगं, तू इथे आहेस होय! सगळे तिकडे वाट बघतायत’ एवढं म्हटलं की पुष्कळदा काम होतं. पाम्प्लोनाच्या बाकापाशी थांबलेल्या जोडप्याने विचारपूस केली, तेवढ्यावर मदतीची सगळी साखळी हलली.

गर्दीचं गणित

छेडछाड आणि चेंगराचेंगरी हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण त्यांचं मूळ बऱ्याचदा एकच असतं: गच्च, अंधारी, वाट नसलेली जागा. अंगाला अंग लागेल इतक्या दाटीत नको तो हात कुणाचा हे ओळखताही येत नाही, आणि त्याच दाटीत श्वासही कोंडतो.

२९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री सोलमधल्या इतेवॉन भागात हॅलोवीनसाठी जमलेल्या तरुणांची एका उतरत्या बोळात कोंडी झाली आणि १५९ जणांचा जीव गेला. बोळाची रुंदी सर्वांत अरुंद जागी जेमतेम सव्वातीन मीटर. दुर्घटना घडली रात्री सव्वादहाच्या सुमारास. त्याआधी, संध्याकाळी ६ वाजून ३४ मिनिटांपासून, पोलिसांना ११ फोन गेले होते. लोक सांगत होते, इथे माणसं चिरडली जातील. त्यातल्या फक्त चार फोनना प्रतिसाद देऊन पोलीस तिथे पोचले. त्या गर्दीला अधिकृत आयोजक नव्हता, म्हणून गर्दीची योजना करण्याची जबाबदारीही कुणाची नव्हती. यजमान नसलेला उत्सव किती धोक्याचा असतो, हे याहून स्पष्ट काय असणार?

महाराष्ट्रानेही हे सोसलं आहे. २५ जानेवारी २००५ ला वाई तालुक्यात मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे भाविक दगावले. अरुंद वाट, निसरड्या पायऱ्या आणि दोन्ही बाजूंची दुकानं यांनी माणसांना पळायलाही जागा ठेवली नाही.

गर्दीत माणसं तुडवली जाऊन मरतात असा समज आहे. प्रत्यक्षात बहुतेकदा उभ्या उभ्या, छातीवर चहूबाजूंनी दाब येऊन श्वास कोंडतो. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून अधिक माणसं झाली की धोका सुरू होतो. सहा-सात झाली की कुणाचंच स्वतःच्या पायांवर नियंत्रण उरत नाही आणि सगळा जमाव लाटेसारखा हेलकावे खातो. डेन्मार्कच्या रॉस्किल्डे महोत्सवात ३० जून २००० ला रंगमंचासमोर नऊ तरुण असेच गेले. त्यानंतर तिथे मंचासमोरची जागा कठडे घालून कप्प्यांत विभागली आणि प्रत्येक कप्प्यात मोजकीच माणसं सोडायला सुरुवात झाली. आज मोठ्या महोत्सवांत ही पद्धत सर्रास दिसते.

हे गणित आपल्या मांडवात मांडून पाहायला अवघड नाही. देखाव्यासमोरची जागा दहा मीटर लांब आणि सहा मीटर रुंद आहे असं धरा. म्हणजे साठ चौरस मीटर. माणसं चालत पुढे सरकत राहायची असतील तर चौरस मीटरला साधारण दोन हा सुखाचा आकडा आहे. म्हणजे एका वेळी आत १२० माणसं. आता बाहेर पडायची वाट पाहा. सपाट वाटेवरून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ८० च्या आसपास माणसं जाऊ शकतात. दोन मीटरच्या वाटेने १६०. तिथेच वडापावची गाडी किंवा पादत्राणांचा ढीग आला आणि वाट एका मीटरवर आली, की वेग निम्म्यावर येतो आणि मागची गर्दी तुंबते. आरतीआधी दोन कार्यकर्त्यांनी मोजपट्टी घेऊन ही जागा एकदा मोजली आणि आत किती जणांना सोडायचं हा आकडा दारावरच्या मुलाला लिहून दिला, तर तेवढ्यानेच निम्मी जोखीम कमी होते.

‘सगळे’ म्हणजे कोण कोण?

‘सर्वांचं सहर्ष स्वागत’ हे वाक्य आपल्या प्रत्येक कमानीवर असतं. ते खरं करायचं तर कमानीपर्यंत कोण पोचू शकत नाही, हे आधी पाहावं लागतं.

व्हीलचेअरवरचा माणूस पहिल्या पायरीपाशी अडतो. फळीचा उतार करायचा तर त्याचं ठरलेलं प्रमाण आहे: एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. त्याहून तीव्र उतार केला तर खुर्ची ढकलणाऱ्याचा दम निघतो आणि उतरताना ती घसरते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनात आणि मनोरंजनात सहभागी होण्याचा दिव्यांगांचा हक्क मान्य केला आहे. त्याचं देखणं रूप आपल्या शेजारी गोव्यात पाहायला मिळतं. पणजीत जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांचा ‘पर्पल फेस्ट’ पहिल्यांदा भरला. राज्याच्या दिव्यांग आयुक्त कार्यालयाने पुढाकार घेतलेल्या या उत्सवात दिव्यांग माणसं प्रेक्षकांत होती, मंचावर होती आणि आयोजनातही होती. सामावून घेण्याची खरी कसोटी इथे लागते. ज्यांच्यासाठी सोय करायची ते ठरवणाऱ्यांमध्ये बसलेले असले पाहिजेत.

आवाजाचंही तसंच आहे. ऑक्टोबरफेस्टमध्ये २००५ पासून संध्याकाळी सहापर्यंत तंबूंत पारंपरिक वाद्यांचं संगीत वाजतं आणि त्याची पातळी ८५ डेसिबलच्या वर जाऊ देत नाहीत. त्यामुळे वृद्ध आणि कुटुंबं दिवसा निवांत येतात, तरुणाई संध्याकाळनंतर जल्लोष करते. उत्सवाचा रंग तसूभरही कमी झालेला नाही. आपल्याकडेही मंडळांनी दिवसातले दोन तास ‘शांत दर्शन’ म्हणून जाहीर केले, तर हृदयविकाराचे रुग्ण, स्वमग्न मुलं-माणसं आणि त्यांचे पालक यांना कित्येक वर्षांनी मांडवात पाऊल टाकता येईल.

समलिंगी आणि पारलिंगी माणसांनी तर स्वतःचे उत्सव स्वतःच उभे केले, कारण इतरांच्या उत्सवांत त्यांना जागा नव्हती. ऑक्टोबरफेस्टच्या एका तंबूत १९७० च्या दशकापासून एक रविवार समलिंगी समुदायाचा म्हणून साजरा होतो आणि तो आता उत्सवाचाच भाग झाला आहे. मुंबईत १६ ऑगस्ट २००८ ला ऑगस्ट क्रांती मैदानातून पहिली क्वीअर आझादी पदयात्रा निघाली. तेव्हा कलम ३७७ लागू होतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढलं, आणि त्याआधी २०१४ सालीच तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला होता. तरीही ‘पुरुषांची रांग’ आणि ‘स्त्रियांची रांग’ अशा दोनच रांगांच्या तोंडाशी तृतीयपंथी माणूस आजही घुटमळतो. यावर उपाय साधा आहे. तपासणी कुणाकडून करून घ्यायची, असं त्या व्यक्तीलाच आदराने विचारायचं.

आणि आपल्याच घरातलं एक बहिष्कृतपण विसरून चालणार नाही. हळदीकुंकवाला विधवा बाईने यायचं नाही, हा संकेत अजून पुरता सरलेला नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्यानंतर राज्य सरकारनेही इतर गावांना तसं आवाहन केलं. ज्या मंडळांनी अशा बायकांना सन्मानाने आरतीला, हळदीकुंकवाला बोलावलं त्यांनी फार मोठं काम केलं आहे.

आपल्या मंडळात काय करता येईल?

पैशांपेक्षा यासाठी आधी निर्णय लागतो. कार्यकारिणीच्या पहिल्याच बैठकीत देखावा, वर्गणी, मिरवणूक यांच्याबरोबर सुरक्षितता आणि सहभाग हा विषय घ्यावा आणि त्यासाठी दोन माणसं नेमावीत. त्यांपैकी एक स्त्री असावी. त्यांचे फोन नंबर मांडवाच्या दारावर ठळक लिहावेत. या दोघांनी उत्सवाआधी एका संध्याकाळी मांडव, प्रसाधनगृह, रिक्षा थांबा आणि मिरवणुकीचा मार्ग पायी फिरून पाहावा. अंधार कुठे आहे, बोळ कुठे आहे, हाक मारली तर ऐकू जाईल असं माणूस कुठे नाही, हे लिहून काढावं. कल्पना विश्वनाथ यांनी २०१३ साली सुरू केलेल्या ‘सेफ्टीपिन’ या ॲपची पद्धत याच पायावर उभी आहे: जागेवर जाऊन उजेड, मोकळी दृष्टी, माणसांचा वावर आणि मनाला काय वाटतं हे नोंदवायचं. फिरायला जाताना मुलींना सोबत घ्यावं. भीती कुठे वाटते हे त्यांना नकाशा न पाहता सांगता येतं.

मांडवामागे एक छोटी जागा राखावी: खुर्ची, पाणी, चार्जर, प्रथमोपचाराची पेटी आणि ऐकून घेणारी एक अनुभवी बाई. ढोल-ताशा पथकांत आज मुली मोठ्या संख्येने वादन करतात, दहीहंडीत महिला गोविंदा पथकं थर रचतात. पाच-सहा तास चालणाऱ्या मिरवणुकीत त्यांना स्वच्छतागृह कुठे मिळणार, हे आयोजकांनी आधी ठरवून सांगितलं पाहिजे. कित्येकजणी केवळ याच कारणाने दिवसभर पाणी पीत नाहीत.

स्वयंसेवकांना तासाभराची तयारी द्यावी आणि नियम आधीच सांगावा: आपल्यातल्या कुणाबद्दल तक्रार आली तरी झाकली जाणार नाही. बाहेरच्या टारगटाला हाकलणं सोपं असतं. आपल्याच पथकातला, आपल्याच गल्लीतला, वर्गणीत मोठा वाटा असलेला माणूस वाईट वागला तर मंडळ काय करतं, यावर मंडळाची पारख होते.

कायद्याची जुजबी माहितीही प्रत्येक कार्यकर्त्याला हवी. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा विनावेतन स्वयंसेवा करणाऱ्यांनाही कर्मचारी मानतो आणि न्यास, संस्था यांचाही त्यात समावेश आहे. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत विनयभंग कलम ७४ खाली आणि लैंगिक छळ कलम ७५ खाली येतो. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवता येते. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि महिला हेल्पलाइनसाठी १८१ हे क्रमांक आहेत.

लोकमान्यांनी १८९० च्या दशकात गणपती घराबाहेर चौकात आणला तो समाज एकत्र यावा म्हणून. चौकात आणलेला उत्सव चौकातल्या प्रत्येकाचा व्हायचा असेल, तर त्याची तयारी मूर्ती ठरवण्याच्या दिवसापासून सुरू व्हायला हवी. यंदा तुमच्या मंडळाची, सोसायटीची किंवा महोत्सव समितीची पहिली बैठक होईल तेव्हा एवढंच करा. गेल्या वर्षी कोण आलं नाही, याची यादी काढा. त्यांच्या घरी जा, का आला नाहीत ते विचारा, आणि त्यांनी सांगितलेली पहिली अडचण याच वर्षी दूर करा.